‘बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड’: वडिलांच्या आजाराबद्दल घर गप्प असतं, तेव्हा मूल काय समजतं?

सहा वर्षांची एक मुलगी कोंबडीचं पिल्लू अलगद उचलते, कानाशी धरते आणि त्याच्या काळजाचे ठोके ऐकते. मग दुसऱ्या जनावराच्या अंगाला कान लावते. प्रत्येक जीव आपापल्या भाषेत काहीतरी सांगत असणार, असं तिला वाटतं. 2012 साली आलेला ‘बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड’ हा अमेरिकन सिनेमा असा सुरू होतो. मुलीचं नाव हशपपी. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याच्या पिठाचे छोटे गोळे तळतात, त्यांना हशपपी म्हणतात. म्हणजे आपल्याकडे एखाद्या पोरीला घरात सगळ्यांनी लाडानं ‘भजी’ म्हणावं, तसंच काहीसं.

हा सिनेमा ‘जादुई वास्तववादी’ आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं. शब्द जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. आपल्यापैकी ज्यांनी उर्दू दास्तानं ऐकली-वाचली असतील, त्यांना ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ठाऊक असेल. तिथली जादू तिलिस्माच्या हद्दीत असते. तिथं जादूगार असतात, अय्यार असतात, आणि आत शिरताना आपल्याला माहीत असतं की आता दुनिया बदलली. जादुई वास्तववादात अशी हद्दच नसते. घर तेच, चूल तीच, गरिबी तीच. आणि त्यातच एखादी अशक्य गोष्ट घडते. घरातल्या कुणालाही तिचं नवल वाटत नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियाच्या लेखकाच्या 1967 च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीमुळे ही पद्धत जगभर पोहोचली.

हशपपीच्या घरातलं एक उदाहरण बघा. तिची आई ती तान्ही असतानाच निघून गेलेली आहे. का गेली, कुठे गेली, कुणी सांगत नाही. बाप एवढंच सांगतो की तुझी आई इतकी देखणी होती की तिला चूल पेटवावी लागत नसे. ती जवळून गेली की शेगड्या आपोआप पेटायच्या. आणि पडद्यावर त्या खरोखरच पेटतात. बाप खोटं बोलतोय, की बायकोची आठवण काढतोय, की पोरीच्या प्रश्नाला बगल देतोय? तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मुलीच्या हाती मात्र एकच गोष्ट लागते: पेटलेली शेगडी. आईची एक जुनी जर्सी तिच्याकडे आहे, ती तिच्याशी गप्पा मारते.

बांधाच्या पलीकडची वस्ती

गोष्ट घडते अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदी जिथं समुद्राला मिळते त्या दलदलीच्या टोकाला. वस्तीचं नाव ‘बाथटब’, कारण वादळ आलं की ती टबासारखी भरते. एक लांबलचक बांध आहे. त्याच्या आत कारखाने आणि कोरडी जमीन, बाहेर ही माणसं. रायगडकडच्या वाचकांना खारबंदिस्तीचे बांध माहीत आहेत, त्यामुळे खारं पाणी आत शिरलं की जमिनीचं काय होतं हे त्यांना सांगायला नको. फरक एवढाच की इथं आपली माणसं बांधाच्या चुकीच्या बाजूला आहेत.

बाथटब नावाची वस्ती काल्पनिक आहे, पण तिच्यामागे खरी जागा आहे. लुइझियानाच्या टेरेबोन परगण्यात आइल द जाँ शार्ल नावाचं एक चिंचोळं बेट आहे. तिथं मूळ निवासी अमेरिकन लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. 1955 पासून या बेटाची सुमारे 98 टक्के जमीन पाण्याखाली गेली. नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातल्यामुळे पुराबरोबर येणारा गाळ दलदलीत पसरायचा थांबला. तेल कंपन्यांनी पाणथळीतून कालवे खणले, त्यातून खारं पाणी आत आलं आणि गवत-झाडं मेली. जमीन खचतेय आणि समुद्र चढतोय, हे आणखी वेगळं. 1932 ते 2016 या काळात लुइझियानाच्या किनाऱ्यानं मिळून सुमारे 4800 चौरस किलोमीटर जमीन गमावली. शहरं वाचवण्यासाठी नव्या बांधाची आखणी झाली, तेव्हा हे बेट त्याच्या बाहेरच राहिलं. 2016 मध्ये अमेरिकन सरकारनं तिथल्या कुटुंबांना आत हलवण्यासाठी सुमारे 4 कोटी 80 लाख डॉलर मंजूर केले, आणि 2022 मध्ये पहिली घरं हलली. म्हणजे सिनेमा आला त्यानंतर 10 वर्षांनी.

यात 2005 च्या कॅटरिना वादळाची आठवणही आहे. त्या वादळात हजाराहून अधिक माणसं मेली आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्यात बुडालं. ‘निघून जा’ असं सरकार सांगत असतानाही माणसं घर का सोडत नाहीत, हा प्रश्न तेव्हा सगळ्या अमेरिकेनं विचारला होता. दिग्दर्शक बेन झाइटलिन हा न्यूयॉर्कचा तरुण. तो न्यू ऑर्लिन्सला जाऊन राहिला आणि तिथल्याच माणसांना घेऊन त्यानं हा सिनेमा केला.

मारणारा बाप, जपणारा बाप

हशपपीच्या बापाचं नाव विंक. तो दारू पितो, ओरडतो, दोन-दोन दिवस गायब होतो. बापलेक वेगवेगळ्या खोपटांत राहतात. जेवण झालं की तो घंटा वाजवतो, ती येते. हात घालून मासा कसा पकडायचा हे तो तिला शिकवतो, तिच्याशी पंजा लढवतो, तिचे इवलेसे दंड फुगवून दाखवायला लावतो. एका जेवणात सगळे खेकडे खात बसलेले असतात. शेजारचा माणूस तिला सुरीनं खेकडा नीट कसा उघडायचा ते दाखवू लागतो. विंक त्याला अडवतो. सुरी नाही, हातानं फोड, असं म्हणतो. ती टेबलावर चढते, खेकडा दोन्ही हातांनी मोडते, आणि सगळे जल्लोष करतात.

पहिल्यांदा बघताना हा बाप सरळ जालीम वाटतो. पण एका दिवशी तो गायब होऊन परत येतो तेव्हा त्याच्या अंगात दवाखान्याचा झगा आणि मनगटावर दवाखान्याची पट्टी असते. बघणाऱ्याला लगेच कळतं: माणूस आजारी आहे, मरणार आहे. आपल्या मागे या पोरीला कुणी नाही, हे त्याला ठाऊक आहे. तिच्याकडे आई नाही, पैसा नाही, पायाखालची जमीनसुद्धा नाही. म्हणून तो तिला घाईघाईनं कणखर बनवतोय. वेळ कमी आहे आणि पद्धत वाईट आहे.

हे सगळं तो तिला सांगत मात्र नाही. मुलगी विचारते, कुठे गेला होतास, हे काय घातलंयस? तो उत्तर टाळतो, चिडतो.

इथून पुढचा प्रसंग मला या सिनेमाचा कणा वाटतो. दोघांचं भांडण होतं. त्याआधी तिनं स्वतःच्या हातानं चूल पेटवून घर जाळलेलं असतं. आग लागलेली असताना ती पुठ्ठ्याच्या खोक्यात लपून आपली गोष्ट आतल्या बाजूला चितारत बसलेली असते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाप तिला मारतो. ती रागाच्या भरात त्याला मरणाचा शाप देते आणि त्याच्या छातीवर मूठ मारते. आणि विंक कोसळतो. त्याच क्षणी आभाळ गडगडतं. दूर ध्रुवावरचा बर्फ तुटून पडतो. बर्फात गाडलेली प्रचंड शिंगांची जनावरं मोकळी होतात आणि चालायला लागतात, तिच्या दिशेनं.

ही जनावरं म्हणजे ‘ऑरॉक्स’. ऑरॉक्स खरोखर होते. ते रानटी बैल, आपल्या गायीगुरांचे पूर्वज. शेवटचा ऑरॉक्स 1627 मध्ये पोलंडच्या जंगलात मेला. हशपपीच्या शाळेतल्या बाईंच्या मांडीवर ऑरॉक्सचं गोंदण आहे. ते दाखवून त्या मुलांना सांगतात की एकेकाळी ही जनावरं माणसांना खायची आणि बर्फ वितळला की जगाची घडी विस्कटेल. (शिकवायची काय पद्धत म्हणायची! पण त्या पोरांना तो धडा जन्मात विसरता येणार नाही, एवढं खरं.)

मुलीनं हिशोब काय केला ते बघा. मी मारलं, अब्बा पडला, वादळ आलं, जनावरं सुटली. सगळं माझ्यामुळे.

पाच-सहा वर्षांचं मूल असाच विचार करतं

बी.एड. करताना आम्हाला ज्याँ पियाजे शिकवला जायचा. साधारण 2 ते 7 या वयातलं मूल स्वतःला सगळ्याच्या मध्यभागी ठेवून विचार करतं, असं त्यानं मुलांचं निरीक्षण करून मांडलं होतं. चंद्र माझ्याबरोबर चालतो. मी रागावले म्हणून पाऊस आला. माझ्या मनातल्या इच्छेनं बाहेरची गोष्ट घडू शकते. आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं. वर्गात मुलं समोर आली तेव्हा त्याचा अर्थ लागला.

काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. चांगला बोलका. अचानक गप्प झाला, डबा खाईना. त्याच्या वडिलांना उपचारासाठी मुंबईला नेलं होतं. घरच्यांनी ठरवलं की पोराला सांगायचं नाही. ‘अब्बा कामाला गेलेत’ म्हणायचं. घरी दादी जानमाजवरून उठत नव्हती, अम्मी फोनवर बोलता बोलता रडत होती, नातेवाईक येऊन जात होते. आणि पोराला सांगितलेलं काय, तर अब्बा कामाला गेलेत. बऱ्याच दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, मैं अब रोज सबक याद करूँगा, तो अब्बा आ जाएँगे ना?” आपला अभ्यास झाला नाही म्हणून अब्बा रागावून गेले, असं त्या पोरानं मनाशी पक्कं केलं होतं. हशपपीच्या जनावरांसारखीच ही त्याची जनावरं. फक्त ती कुणाला दिसत नव्हती.

त्याच्या अम्मीशी बोलणं झालं तेव्हा त्या म्हणाल्या, “इतकुसा जीव, त्याला काय सांगायचं?” त्यांचं चूक नव्हतं. आपल्या घरांत आजार, मयत, कर्ज या गोष्टी मुलांपासून लपवणं म्हणजेच त्यांना जपणं, असंच आपण समजत आलोय. मी एवढंच म्हटलं की त्याला आजाराचं नाव सांगू नका, पण अब्बा बीमार आहेत, डॉक्टर बघतायत आणि यात तुझी काही चूक नाही, एवढं सांगा. त्यांनी सांगितलं. तो रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं डबा खाल्ला.

मूळ गोष्टही अशाच एका घरातून आलेली आहे. हा सिनेमा ‘ज्युसी अँड डिलिशस’ या एकांकिकेवर बेतलाय. ती लिहिणाऱ्या लूसी अलिबार यांचे वडील आजारी पडले होते, त्या काळात त्यांनी ती लिहिली. पटकथाही त्यांनी आणि झाइटलिननं मिळून लिहिली. नाटकात मूल मुलगा होतं, सिनेमात ती मुलगी झाली. माझ्या मते हा बदल फार मोलाचा आहे. ‘मर्द कोण?’ असं विंक विचारतो आणि सहा वर्षांची पोरगी ‘मीच’ म्हणून ओरडते, तेव्हा हसूही येतं आणि पोटात कालवतंही.

वादळानंतरचा भाग भराभर सांगते. वस्ती बुडते. विंक आणि त्याचे दोस्त मेलेल्या माशाच्या पोटात सुरुंग भरून बांध उडवायला जातात आणि शेवटची दोरी हशपपी ओढते. पाणी ओसरतं, पण खाऱ्या पाण्यानं झाडं-जनावरं आधीच संपलेली असतात. मग सरकारी माणसं सगळ्यांना बळजबरीनं उचलून छावणीत नेतात. तिथं हशपपीला स्वच्छ निळा फ्रॉक घालतात, केस विंचरतात. तिथं सगळं नीटनेटकं आहे आणि तीच तेवढी ओळखू येत नाही. विंकवर शस्त्रक्रिया होते, पण उपयोग होत नाही, आणि ही मंडळी तिथून पळतात.

मध्ये एकदा हशपपी बापाला तोंडावर सांगते की तुला काय झालंय ते मला कळतं. किती दिवस तो लपवत होता, आणि तिला माहीत होतंच! मोठ्यांना वाटतं आपलं गुपित पक्कं आहे. मुलं दारामागून सगळं ऐकत असतात.

मग ती आईच्या शोधात काही मुलींबरोबर समुद्रात पोहत निघते. एक नाव त्यांना एका तरंगत्या बारवर नेते. तिथली स्वयंपाकीण तिला मगरीचं मांस तळून देते, जवळ घेते. ती आई आहे का? सिनेमा सांगत नाही. बाप आईच्या ज्या गोष्टी सांगायचा त्यातही मगर होतीच. हशपपी विचारते, माझी काळजी घेशील का? ती बाई म्हणते तसं मला जमणार नाही. मुलगी रडत नाही. तळलेला तुकडा पुडीत बांधून ती परत निघते.

वाटेत ऑरॉक्स गाठतात. दुसऱ्या मुली पळतात. ही वळते आणि त्यांच्यासमोर उभी राहते. डोंगराएवढी जनावरं, खाली एवढीशी पोर. जनावरं गुडघे टेकतात. मला माझ्या माणसाकडे जायचंय, अशा अर्थाचं काहीतरी ती त्यांना सांगते आणि आत जाते. विंक खाटेवर आहे. ती त्याला तो तुकडा भरवते, दोघांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ती त्याच्या छातीवर कान ठेवते. पहिल्या प्रसंगात पिल्लाचे ठोके ऐकणारी तीच मुलगी. ठोके थांबतात.

जनावरं खरी होती का, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उलट विचारावं, तुला काय वाटतं? मला विचाराल तर जनावरं तिनं भीतीतून घडवली आणि भीतीकडे वळून बघितल्यावर ती थांबली. पण वर्गात मी हे आधी सांगणार नाही.

कौतुक झालं, टीकाही झाली

कौतुक भरपूर झालं. 2012 मध्ये सनडान्स महोत्सवात मोठा ज्युरी पुरस्कार आणि कान महोत्सवात पहिल्या सिनेमाला मिळणारा कॅमेरा द’ओर हा सन्मान मिळाला. ऑस्करची 4 नामांकनं मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक हीसुद्धा. पुरस्कार एकही मिळाला नाही. हशपपीचं काम करणाऱ्या क्वेव्हेंझाने वॉलिसला 9 वर्षांची असताना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. त्या विभागात इतक्या लहान वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं. सुमारे 4000 मुलांमधून तिची निवड झाली. चाचणीला गेली तेव्हा ती 5 वर्षांची होती आणि अट 6 ची होती, म्हणून वय वाढवून सांगितलं. विंकचं काम करणारा ड्वाइट हेन्री न्यू ऑर्लिन्समधला बेकरीवाला. त्यानंही याआधी कधी अभिनय केला नव्हता आणि कॅटरिना स्वतः भोगलं होतं. आणि ते भयंकर ऑरॉक्स? ती खरं तर पाळीव डुकरं होती. त्यांना दलदलीतल्या न्यूट्रिया नावाच्या प्राण्याची कातडी आणि शिंगं चढवली होती, आणि कॅमेऱ्याच्या करामतीनं ती प्रचंड दिसली. मुलांना ही गोष्ट सिनेमा संपल्यावर सांगा, आधी नको.

टीकाही तेवढीच गंभीर झाली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंत बेल हुक्स यांनी या सिनेमाविरुद्ध सविस्तर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की गरिबीला आणि मुलीवरच्या मारहाणीला इथं सुंदर रंग दिलाय. काळ्या मुलीचे हाल बघून प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि तिला ‘कणखर’ म्हणून मोकळे होतात. मला हा आक्षेप बराचसा पटतो. दारुड्या बापाच्या हातचा मार हे प्रशिक्षण नाही, आणि छावणीतले डॉक्टर दुश्मन नाहीत. ज्या मुलीला लस, शाळा, पोटभर अन्न मिळायला हवं, तिच्या उपाशीपणाला ‘आझादी’ म्हणणं हे ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांना सोपं जातं. तरी सिनेमा मी बाजूला टाकणार नाही, कारण मुलीच्या मनात काय चाललंय हे तो खरं दाखवतो. घर गप्प बसलं की मूल काय काय रचतं, हे इतकं उघड करून दाखवणारे सिनेमे मी फार बघितलेले नाहीत.

सिनेमा साधारण दीड तासाचा आहे. आईवडिलांनी आधी स्वतः बघावा. दारू सर्रास आहे, शिव्या आहेत, तरंगत्या बारमध्ये बायका नाचतात, बापाचा मार आहे. शेवटी विंकचा देह नावेत ठेवून पेटवतात. आपल्याकडे दफन करतात, त्यामुळे मुलं हमखास विचारतील, तेव्हा घाईत उत्तर देऊ नका. 12-13 च्या खालच्या मुलांना पूर्ण सिनेमा दाखवू नये, असं माझं मत. मोठ्यांबरोबर बघत असाल तर बाप दवाखान्याच्या झग्यात परत येतो तिथं थांबवा आणि विचारा, याला काय झालं असेल? मुलांचे अंदाज ऐका. बोली लुइझियानाची आहे, हशपपी तोंडातल्या तोंडात बोलते. उपशीर्षकं लावूनच बघा.